यादीतली खालची जागा

“जागा सगळ्यांना आहे,” असं सेयिलकान नेहमी म्हणायची. जेवणाला पाहुणे दाटले की म्हणायची, गोठ्यात कुणाची चुकलेली मेंढी शिरली तरी म्हणायची. घरातल्या कॉम्प्युटरच्या डिस्कचे भाग पाडायला बसली, तेव्हाही हेच म्हणाली.

कोचकोर या बाजारगावाच्या वरच्या अंगाला, डोंगरात आमचं गाव. माझ्या कुंपणाला लागून म्हाताऱ्या जाकिपबेकचं घर. सेयिलकान त्याची थोरली सून. नवरा घाटातून ट्रक चालवतो, बर्फ पडलं की पलीकडेच अडकतो. घरात सासरा, धाकटा दीर कुबात आणि ही. कॉम्प्युटर एकच. म्हातारा त्यात कुळाची वंशावळ लिहायचा, कुबात खेळ खेळायचा. सेयिलकानला नक्षी काढायची होती. तिच्या आईने शिवलेले नमद्याचे, दाबलेल्या लोकरीचे गालिचे कसरीने खाल्ले होते. त्यांवरची मेंढ्याची शिंगं, पक्ष्याचे पंजे आता फक्त हिच्या डोळ्यांत उरले होते.

बाजारातल्या मोबाईल दुरुस्तीवाल्या तुरातने तिला लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटातली प्रणाली, भरलेला पेनड्राइव्ह दिला. तिला त्यातलं काही येत नव्हतं. चुकत माकत शिकली. एकदा कुबातचे खेळच दिसेनासे झाले. तो घरभर शिव्या घालत फिरला आणि ही मान खाली घालून शोधत राहिली. शेवटी डिस्कचे तीन भाग झाले. जुनी विंडोज म्हाताऱ्याची, नवी कुबातची, तिसऱ्यात हिचं लिनक्स. मशीन सुरू केलं की यादी यायची, त्यातून आपलं निवडायचं. हिवाळाभर तिने आईची नक्षी आठवून आठवून काढली. एखादं शिंग बरोबर वळलं की मला कुंपणावरून हाक मारायची.

म्हाताऱ्याला मशीन नेहमी कुबातच लावून द्यायचा. बर्फ वितळायला लागलं तेव्हा एके सकाळी त्याने स्वतःच बटण दाबलं. मी दूध घेऊन गेले होते.

“हे काय आहे?” त्याने सुनेला विचारलं.

“यादी आहे, अता.” वडिलांना, सासऱ्याला आमच्याकडे अता म्हणतात. “हवं ते निवडायचं.”

“वर कोण?”

“माझं लिनक्स. ते आपोआप वर बसलं.”

“आणि मी?”

तिने बोट पार खाली नेलं.

“म्हणजे सून वरच्या बैठकीवर आणि सासरा दाराशी, बुटांजवळ.”

“अता, चहाच्या पाण्याचा समोवर तिथेच असतो,” कुबात म्हणाला. “चहा आधी तुम्हालाच.”

म्हातारा हसला नाही. सेयिलकान म्हणाली, “क्रम बदलता येत असणार. मला अजून येत नाही. तुरातला विचारून येते.”

“माझ्या घरात कोण कुठे बसणार ते बाजारात विचारणार?”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी मिनीबसने बाजारात गेलो. तुरातने करून दाखवलं. परतताना ती ओठांतल्या ओठांत ते घोकत होती. “वर ‘थोरले अता’ असं लिहीन,” ती म्हणाली. सासऱ्याचं नाव सून घेत नाही, यंत्रातही नाही. “मी खाली बसेन. बसायला मिळाल्याशी कारण.”

घरी कॉम्प्युटरचा पडदा काळा होता. त्यावर इंग्रजीत एक ओळ, पुढे लुकलुकणारी रेघ.

“वहिनी, तुझा भाग पुसला,” कुबात म्हणाला. “अताच म्हणाले. पण आता काहीच सुरू होत नाही.”

“यादी माझ्याच भागात राहत होती, धाकटे भाऊजी. तुम्ही दारच पुसलंत.”

“माझ्या सात पिढ्यांची नावं आत आहेत,” म्हातारा म्हणाला. “दुरुस्त कर.”

“पुसायला तुम्ही सांगितलं?”

“घर माझं आहे.”

“माझ्या आईची नक्षी होती त्यात.”

“नक्षी काय, परत काढशील.”

मी आजवर त्या घरात आवाज चढवलेला नाही, पण त्या वेळी म्हाताऱ्याच्या अंगावर ओरडावंसं वाटलं. सेयिलकान ओरडली नाही. तिने खिशातून पेनड्राइव्ह काढला. तो लावून लिनक्स पुन्हा बसवलं असतं तर यादी परत आली असती, चहा निवायच्या आत. म्हातारा खुर्ची सोडून उठला, तिला जागा करून दिली.

“तुमची नावं आत सुखरूप आहेत, अता,” ती म्हणाली. “आजोबा, पणजोबा, सगळे बापे. एकाचीही आई नाही त्यात, तेव्हा तिथे दाटी व्हायची नाही.”

तिने पेनड्राइव्ह परत खिशात टाकला, अजून अंगावरच असलेल्या कोटाची बटणं लावली आणि बाहेर पडली.

“कुठे निघाली?” म्हाताऱ्याने मला विचारलं.

“माहेरी,” मी म्हणाले. “तिथे तिला कुठेही बसता येतं.”

पॉप्लरच्या झाडांच्या रांगेतून ती मिनीबसच्या थांब्याकडे चालत गेली. चिखल चुकवत, न वळता. ओसरीवरून म्हातारा बघत होता, दारातून कुबात, फाटकाशी मी. घरात ती रेघ अजून लुकलुकत होती.