आडनावासकट

"अंकाला शोभायला नको का?"

हे वाक्य एका बाईनं हसत हसत, बशीतला चिवडा खात म्हटलं. आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचे जे संपादक, त्यांची ती बायको. मी सातवीत होते. मंडळाच्या हॉलमध्ये अंकाचं प्रकाशन नुकतंच झालं होतं. माझ्या हातात कोरा करकरीत अंक होता, त्यात माझा निबंध होता आणि निबंधावर माझं नाव नव्हतं.

म्हणजे होतं. अर्धं होतं. माझं स्वतःचं नाव, त्याच्याआधी बापाच्या नावाचं एक अक्षर आणि एक टिंब. आडनाव गायब. मी अनुक्रमणिका काढून पाहिली. जोशी होते, देशपांडे होते, कुलकर्णी तर दोन होते. सगळ्यांची आडनावं जागच्या जागी. गाळलेलं एकच होतं.

तेव्हा चेन्नईला मद्रासच म्हणायचे. बाप आवडी उपनगरात, संरक्षण खात्याच्या कारखान्यात फिटर. संपादक तिथेच मोठ्या हुद्द्यावर. आम्ही पोरं त्यांना काका म्हणायचो. बाप साहेब म्हणायचा.

मला वाटलं, छापखान्याची चूक असेल. इथल्या छापखान्यात मराठी येणारं कोण असतं? मी धावत काकांकडे गेले.

"काका, माझं आडनाव राहिलं."

"राहिलं नाही गं. मद्रासची पद्धत आहे ही. इथे कोण आडनाव लावतं?"

आजूबाजूचे हसले. मला कळेना, हसण्यासारखं काय आहे.

"मग तुमचं का लावलंय?"

हसू थांबलं. तेवढ्यात काकूंनी ते शोभण्याचं वाक्य टाकलं. मागून बाप आला. त्यानं हात जोडले. "चालतंय की सायेब. पोरीचं लिवलेलं छापलंत, लई झालं." माझं मनगट धरून त्यानं मला हॉलच्या बाहेर नेलं. बाहेर आल्यावर सरळ बसस्टॉप गाठला.

आमचं आडनाव ऐकलं की मराठी माणसाला पुढचं काही विचारावं लागत नाही. गावात आमची वस्ती कुठल्या अंगाला, आमच्या विहिरीचं पाणी कोण पीत नाही, सगळं त्याला त्या एका शब्दात कळतं. तमिळ माणसाला ते आडनाव म्हणजे नुसता आवाज. एक हजार किलोमीटर लांब येऊन बापाला जी मोकळीक मिळाली होती, ती कारखान्याच्या फाटकाबाहेर होती. आपल्या माणसांच्या मंडळात नव्हती.

घरी आल्यावर आईनं अंक हातात घेतला. तिला वाचायला जेमतेम यायचं. पण नावं ओळखायची. बोट ठेवून म्हणाली, "आन् आडनाव?"

बाप म्हणाला, "हितली पद्धत हाय म्हणं."

"आडनाव काय खरकटं हाय व्हय, काढून टाकाया?"

आईनं माझ्यापुढे पेन ठेवलं. "लिही. पुरं लिही. दाबून लिही." मी त्या छापील नावापुढे आडनाव लिहिलं. अक्षर मोठं आलं, रेघेच्या बाहेर गेलं. तोच अंक आईनं गावी मामाकडे पाठवला. मी त्या रात्री खूप रडले आणि बापाचा राग राग केला. साहेबाचा करायला हवा होता, पण साहेब लांब होता आणि बाप शेजारी झोपला होता.

पुढे मी वर्तमानपत्रात शिरले. तमिळ साप्ताहिकात प्रूफं तपासण्यापासून सुरुवात. शाळा तमिळमधून झालेली, त्यामुळे भाषेचा अडसर नव्हता. तिथे सगळेच आद्याक्षर लावणारे. मीही लावलं. कुणी काही विचारीना. खरं सांगते, बरं वाटलं. उन्हातून येऊन पंख्याखाली बसल्यासारखं वाटलं.

आमच्या वरिष्ठ उपसंपादक सेल्वी अक्का. जाड भिंगाचा चष्मा, तोंडानं फटकळ. एकदा चहा पिताना मी त्यांना मंडळाची गोष्ट सांगितली. गंमत म्हणून. काकांची नक्कलही केली. त्या हसल्या नाहीत. तमिळमध्ये म्हणाल्या,

"आम्ही आमची आम्हीच टाकली. तुझं कोणी टाकलं?"

इतकी वर्षं मला हे सुचलं नव्हतं. इथल्या लोकांनी भांडून आडनावं टाकली. नावावरून जात कळू नये म्हणून, आणि वरच्यांनी आधी टाकावीत म्हणून. अक्कांच्या आजोबांनी टाकलं होतं, आणि ते काही खालच्या जातीचे नव्हते. मंडळातले तंजावूरकडचे जुने मराठी रावसुद्धा आद्याक्षरच लावायचे, पण ते बापजाद्यांपासून. काकांनी ही पद्धत उचलली ती फक्त माझ्यासाठी. स्वतःचं तसंच ठेवलं, वर अत्तर लावल्यासारखं. माझं मात्र पुसलं, आणि जाता जाता माझ्या बापाचं एक अक्षर करून टाकलं. मी त्या अक्षरात मजेत राहत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

इथे जात नाही, असं मी म्हणत नाही. घर भाड्यानं घ्यायला गेलं की गल्ली विचारतात, गाव विचारतात, मांसमच्छी खाता का विचारतात. नाव झाकलं तरी माणूस हुंगणारे हुंगतातच. पण कुणाचं नाव कुणी झाकायचं, हे मला त्या दिवशी कळलं. तिथून मी संपादक व्हायला लागले. पद पुढे कधीतरी मिळालं.

आता चेन्नईतच गिंडीला माझं ऑफिस आहे. आधी मासिक सांभाळलं, आता वर्तमानपत्र सांभाळते. माझ्या हाताखालच्या पोरांना मी एक गोष्ट शिकवते, आणि ती शिकवताना माझा आवाज चढतो. मागे एकानं चेन्नईजवळच्या कोवलमच्या मासळीबाजारावर बातमी आणली. त्यात अधिकाऱ्याचं नाव पूर्ण, कंत्राटदाराचं पूर्ण, आणि खाली, 'एक मासेविक्रेती म्हणाली.'

"तिला नाव नाही?"

"विचारलं नाही, मॅडम."

"अधिकाऱ्याचं विचारलंस?"

मी त्याला परत बसमध्ये बसवून कोवलमला पाठवलं. श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यांत कंपनीच्या बसमधून जाणाऱ्या पोरींवर लिहिलं तेव्हाही तेच. कुणाला पूर्ण नाव हवं होतं, कुणाला नोकरीच्या भीतीनं नको होतं. जिला जसं हवं तसं छापलं. नाव कसं लिहायचं ते ज्याचं त्यालाच विचारायचं. लोक मला खडूस म्हणतात. म्हणू देत.

यंदा मंडळाचा फोन आला. नवे अध्यक्ष बँकेत आहेत, माझ्याहून लहान, बोलायला गोड. "ताई, मंडळाचा मोठा वर्धापनदिन आहे. विशेष अंकाचं संपादन तुम्हीच करायचं. तुम्ही आमचा अभिमान आहात." मी हो म्हटलं. का म्हटलं ते मला नीट माहीत होतं. लेख मागवले, कापले, पुन्हा लिहायला लावले. तरुण पोरांना मराठी लिहिता येईना, त्यांच्या शेजारी बसून लिहून घेतलं. अंक चांगला झाला. हे मी कुणाच्या तोंडाकडे न बघता सांगते.

मग पहिल्या पानाचं प्रूफ आलं. कार्यकारिणीची आडनावं जागच्या जागी. संपादक म्हणून माझं नाव. आधी एक अक्षर, मग टिंब. पुढे काही नाही.

मी अध्यक्षांना फोन लावला.

"ताई, तुम्ही पेपरात असंच लावता ना?"

"पेपरात सगळेच लावतात. या पानावर कोण कोण लावतंय?"

ते घुटमळले. मग म्हणाले, "प्रकाशन काकांच्या हस्ते आहे. वय झालंय त्यांचं. जुने वर्गणीदार येणार. कशाला उगाच विषय?"

विषय. माझं आडनाव म्हणजे विषय.

"पूर्ण नाव जाईल," मी म्हटलं. "आणि माझं संपादकीयही जाईल. ते मी आज लिहिते."

"काका आले नाहीत तर?"

"न येवोत. अंकाला काका लागत नाहीत, संपादक लागतो."

"समिती अंक थांबवेल, ताई."

"थांबवू दे. मग हेच संपादकीय माझ्या पेपरात येईल. तमिळमध्ये. तिथे वाचणारे जास्त आहेत."

मग ते म्हणाले, "पाठवा." मी पहिल्या पानाचं प्रूफ समोर ओढलं आणि टिंबावर काट मारली. अक्षरावरही मारली. तिथे बापाचं नाव लिहिलं, सबंध. मग आडनाव लिहिलं. दाबून. छापखान्याला समासात सूचना दिली, बाकीच्यांचा जो टाइप तोच याला.

तेव्हा वाचकहो, तुम्ही आत्ता जे वाचलंत ते या अंकाचं संपादकीय आहे. यातली एक ओळ समितीला नको होती, मग परिच्छेद नको होता, मग सगळंच नको होतं. पण संपादकीय कापायचा अधिकार संपादकाचा असतो, आणि संपादक मी आहे.

काका, तुम्ही आलात तर पुढच्या रांगेत बसवू. अंक हातात देऊ. काकूंनाही देऊ. माझा बाप आता नाही, तुमच्यापुढे हात जोडायला कुणी येणार नाही. पहिलं पान उघडा आणि संपादकाचं नाव माइकवर मोठ्यानं वाचा. बापाच्या नावासकट, आडनावासकट.

नाही वाचलंत, तर मी वाचीन. माइक माझ्याच हातात असणार आहे.