भाऊजीले पिक्चर कोन सांगन?

माह्या भाऊजीले दोन्ही डोळ्याईनं दिसत नाही, आन लढाईचा पिक्चर लागला का तो पाह्यल्याबिगर त्याईले चैन पडत नाही. हे आयकून लोक हासतात. हासा बावा. मी पन हासत होतो.

भाऊजीचं नाव डोमाजी. फौजेत होते, सुरुंग पेरनाऱ्या-काढनाऱ्या पलटनीत. पंजाबच्या सरहद्दीवर पेरलेले सुरुंग परत काढायले गेले, त्यातला एक फुटला आन डोळे गेले. बाजूले त्याईचा जोडीदार होता श्याम, आपल्या बार्शीटाकळीचा. तो जाग्यावरच गेला. भाऊजी तवा तिशीचे होते, आता डोक्यावर एक काळा केस सापडत नाही. तरी दरसाल संत्री निघाली का मोर्शीची एक पेटी घेतात, अकोल्याची बस धरतात आन बार्शीटाकळीले जाऊन श्यामच्या आईच्या पाया पडून येतात.

मी देवीदास, त्याईचा साळा. अमरावतीत राजापेठले माहा ऑटो उभा राहते. भाऊजीची बायको पंचफुला म्हंजे माही मोठी बहीण, अंगणवाडीत सेविका आहे. डोकं आमच्या दोघाईचंही गरम, पन माहं लवकर थंडं होते. तिचं होत नाही.

भाऊजीले दवाखान्यातून घरी आनलं तवा ते बोलतच नव्हते. भिंतीकडे तोंड करून पडून राहत. नातेवाईक येत, हळहळ करत, चहा पेत. एका मावशीनं ताईच्या कानात सांगतलं का अजून वय आहे तुहं, माहेरी निंगून जाय. ताईनं त्या मावशीची चप्पल उचलून अंगनात फेकली. "आता तुमचे पाय त्या चपलीजवळ न्या," म्हने.

मंग एक दिवस शेजारच्या टीव्हीवर लढाईचा पिक्चर चालू होता. ताई दारात बसून तांदूळ निवडून राहिली होती आन जे दिसन ते भाऊजीले सांगत होती, उगाच, घरात आवाज असावा म्हनून. हिरोचा पाय सुरुंगावर पडला. 'क्लिक' असा आवाज झाला. ताई म्हने, "आता तो पाय उचलतच नाही, तसाच उभा आहे." तर खाटेवरून भाऊजी हासले. मोठ्यानं हासले.

"क्लिक? सुरुंग आहे का रेडिओचं बटन? पाय पडला का खलास! तो काय वाट पाहत बसते का, साहेब पाय कवा उचलतात म्हनून?"

ताई तांदूळ टाकून उठली. दुसऱ्याच दिवशी तिनं त्याईले अंघोळ घातली, प्रेसचा शर्ट घातला आन लढाईचा पिक्चर कुठी लागला ते शोधत निंगाली. लोक आपल्या मानसाले घेऊन दवाखान्याच्या चकरा मारतात, माह्या बहिनीनं टॉकीजच्या मारल्या.

तवापासून हा रिवाज पडला. मागची कोपऱ्याची सीट, भाऊजी मधात, ताई त्याईच्या उजव्या कानाले तोंड लावून, आन दुसऱ्या बाजूले मी, कोनी "ओ बाई, चूप बसा" म्हनलं तर भांडायले. ताई फुसफुसत सारं सांगे. भाऊजी आयकत आन मधामधात विचारत.

"टोपी आहे का त्याच्या डोक्यावर?"

"नाही."

"मंग सॅल्यूट कसा मारून राहिला लेकाचा? उघड्या डोक्यानं सॅल्यूट नसते. पुढं सांग. धमाका झाला तो डोंगर किती लांब आहे?"

"लांब आहे. निळा दिसते."

"आन आवाज लगेच आला? आवाज काय विमानात बसून आला?"

गोळी 'सूंऽऽ' करून गेली का भाऊजी हमखास मान हालवनार. जवळून गेलेली गोळी चाबूक ओढल्यावानी फट्टकन वाजते म्हनत. पिक्चर सुटला का समोरच्या टपरीवर चहा, आन चहावर मार्क. शंभरपैकी. बहुतेक पिक्चर तीस-पस्तीसात लटकत. एका पिक्चरले बासष्ट देल्ले होते, काहून तर त्यात शिपाई चिखलातला बूट काढून पाय खाजवते. "हा पिक्चर बनवनारा कोन्या फौजीसंग बसला असन," म्हने.

आता यंदाची गोष्ट. सव्वीस जानेवारीच्या हप्त्यात मोठा लढाईचा पिक्चर लागला, आन नेमकं त्याच्या पहिले ताईच्या नरड्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं. अंगणवाडीत पोट्ट्याईवर चिल्लावून चिल्लावून गाठ आली होती. डॉक्टरनं सांगतलं, महिनाभर तोंडातून हूं का चूं नाही, फुसफुसनं तर बिलकुल नाही. पोर्निमेले विहारात वंदनासुद्धा तिनं मनातच म्हनली. घरात मंग टाळीचा कारभार सुरू झाला. एक टाळी म्हंजे हो, दोन म्हंजे नाही. भाऊजी विचारत, "भाजीत मीठ टाकलं का वं?" आन तिकडून फाट! अंगणवाडीची सवय, टाळी गल्लीभर आयकू जाय.

भाऊजी म्हने, "पिक्चर उतरून जाईन. देवीदास सांगन मले."

मी म्हनलं, "सांगतो ना. त्यात काय आहे?"

ताईनं मले मनगट धरून सैपाकघरात ओढलं. मोबाइल काढला आन एका बोटानं टाइप करून माह्यापुढं धरला. 'दोस्ताले मारू नको.'

"कोनत्या दोस्ताले?"

'पिक्चरमधे हिरोचा दोस्त मरतेच. त्याईले सांगताना मारू नको.'

 तिनं पुन्हा टाइप केलं, रागारागानं, बटनं चुकत. सुरुवातीले एकदा तिले ताप होता तवा शेजारच्या पोरानं भाऊजीले टीव्हीवरचा पिक्चर सांगतला होता, जसाच्या तसा. दोस्त मेला म्हनून सांगतलं. भाऊजीनं मंग जेवन सोडलं, पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. पुन्हा उठवता उठवता तिच्या नाकी नऊ आले होते. तवापासून ती दोस्ताले वाचवत आली. मी इतले साल बाजूच्या सीटवर बसलो आन मले पत्ता नाही!

"आगं पन त्याईले कान आहेत ना?" मी म्हनलं.

तिनं फक्त हात जोडले. माह्या बहिनीनं कोनापुढं हात जोडलेले मी कधी पाह्यले नव्हते. भाऊजी पुन्हा भिंतीकडे वळले तर या टायमाले त्याईले उठवायले तिच्यापाशी आवाजही नव्हता. 

टॉकीजमधे मी सुरू केलं. "गोळ्या चालून राहिल्या, भाऊजी."

"कोन कोनावर चालवून राहिला बे?"

"ते आपल्यावर, आपले त्याईवर."

"हे तर मलेही आयकू येते. दिसते काय ते सांग!"

आता दिसते ते तोंडानं सांगनं इतलं कठीन असते हे मले काय मालूम? एक गोष्ट सांगेपर्यंत चार होऊन जात. समोरचा एक जन मान वळवून म्हने, "काका, कॉमेंट्री बंद करा." मी उठलोच होतो, भाऊजीनं शर्ट धरून खाली बसवलं. मनात म्हनलं, ताई, तू हे काम कसं करत आली वं? तेही न थकता, तेही खोटं-खरं सांभाळून!

इंटर्वलनंतर दोस्ताचा पाय सुरुंगावर पडला. क्लिक.

"आलं बटन!" भाऊजी इतल्या जोरानं हासले का पुढची आखी रांग वळून पाहू लागली. मी हासलो नाही. मले पुढचं दिसून राहिलं होतं. हिरो रडून राहिला, दोस्त त्याले दूर जा म्हनून राहिला, आन मंग धमाका. धूर सरला तर तिथं एक बूट पडून होता. बाकी काही नाही.

"काय झालं?" भाऊजीनं विचारलं.

 "वाचला, भाऊजी. बाजूले उडाला. झाडाखाली पडला. पायाले लागलं, पन... हालून राहिला. हेलिकॉप्टर आलं. उचललं त्याले. पानी पाजलं."

 पडद्यावर बिगुल वाजला, दोस्ताची माय टाहो फोडून रडली, साऱ्या टॉकीजमधे नाकं वाजली, आन मी आपला 'तो दुसराच कोनीतरी आहे' असं काहीबाही बोलत राह्यलो.

टपरीवर चहा आला.  ना मार्क, ना मजाक. मनात म्हनलं, देवीदास, झाला सत्यानाश, आता ताई तुले कच्चा खाते.

"देवीदास, हेलिकॉप्टर कुठून आनलं बे?"

"होतं ना भाऊजी, पडद्यावर होतं!"

"हेलिकॉप्टर पहिले छातीत वाजते, मंग कानात. मी त्यातून गेलेला मानूस आहे. अठी तर पंख्याचाही आवाज नव्हता." भाऊजी हासले. "तुही बहीण लय सफाईनं सांगते. ती कधी हेलिकॉप्टर आनत नाही, ॲम्ब्युलन्स आनते. बिगुल वाजला तर म्हनते, दुसऱ्या पलटनीतला कोनी गेला. माय रडली तर म्हनते, पोरगा घरी आला म्हनून रडून राहिली."

"म्हंजे तुमाले मालूम आहे?"

"पहिल्यापासून."

मी कप खाली ठेवला. मले रागच आला. "मंग बोलले काहून नाही? ती बिचारी इतले साल जिवाले घोर लावून बसली!"

"आयक. ओरडू नको." भाऊजीनं चाचपडून माहा हात धरला. "पिक्चरमधे धमाका होते आन लगेच दोघं दोस्त बोलतात. तसं नसते. कान बंद होतात. नुसती शिट्टी वाजते. माहे डोळे गेले होते आन कानही गेले होते. श्याम माह्याजवळच पडला असन. त्यानं मले आवाज देल्ला असन, पानी मांगतलं असन. मले काहीच आयकू आलं नाही. मंग दवाखान्यात कोनीतरी सांगतलं का तो गेला. माह्यापाशी त्याचं शेवटचं काही नाही, देवीदास. ना पाह्यलेलं, ना आयकलेलं."

 टपरीवाल्याचा स्टोव्ह तेवढा वाजत होता.

"त्या पोरानं टीव्हीपुढं 'दोस्त मेला' म्हनलं, तवा मले फक्त अंधार दिसला. मंग तुही बहीण मले पुन्हा टॉकीजमधे घेऊन गेली, आन कानात म्हनते, हात हालून राहिला त्याचा, मान उचलली, पानी पेऊन राहिला. मले दिसला ना तो पानी पेताना! श्यामच दिसला. खोटं आहे हे मालूम आहे मले. पन तेवढं पाहायले मी दरवेळी जातो. बाकी त्या टोप्या आन गोळ्या गेल्या चुलीत."

माहे डोळे भरून आले. ऑटो चालवनाऱ्या मानसानं भर राजापेठेत रडू नये, पन रडलो. मले अशी बहीण भेटली, आन तिले असा मानूस भेटला, याच्यापेक्षा अजून काय पाहिजे होतं मले? मी तर इतले साल मांगच्या सीटवर फोकट भांडायलेच बसत होतो.

"तिले सांगजो नको, मले मालूम आहे म्हनून," भाऊजी म्हने. "तिनं मले भिंतीकडून फिरवलं बे. तिचे उपकार मी या जन्मात काय फेडनार? तिले निवांत राहू दे."

घरी आलो तर ताई फाटकातच उभी. नरड्याले मफलर, तोंड उतरलेलं. तिनं भाऊजीचं तोंड पाह्यलं, मंग माहं, माहे डोळे लाल. तिनं हातानंच विचारलं, काय झालं? 

बांगड्याईचा आवाज आयकून भाऊजी थांबले.

"पंचफुला, वाचला वं तो!"

ताई जागच्या जागी थांबली.

"सुरुंगावर पाय पडला होता त्याचा. मले वाटलं गेला. पन झाडाखाली जाऊन पडला. पायाले लागलं, बाकी काही नाही. मंग हेलिकॉप्टर आलं, लय मोठं, सारी धूळ उडाली. दोघाईनं उचललं त्याले. देवीदासनं सारं बराबर सांगतलं." भाऊजी फाटकाले टेकून सांगत राह्यले, हात हालवून हालवून, आन ताई डोळ्याले पदर लावून आयकत राहिली. जल्मभर तिनं त्याईले सांगतलं, आज ते तिले सांगून राहिले होते. "मंग पानी पाजलं त्याले. घटाघटा पेला. मी पाह्यलं ना!"

ताईनं हुंदका आतल्या आत गिळला. डॉक्टरनं आवाज काढू नको म्हनलं होतं.

"मार्क पस्तीसच," भाऊजी म्हने. "आन हा देवीदास सांगते, पन तुह्यावानी नाही सांगत. पुढच्या पिक्चरले तूच सांगशीन ना वं मले?"

ताई पुढं आली. ज्या कानाले ती तोंड लावून बसे, त्या उजव्या कानाजवळ तिनं दोन्ही हात नेले आन हळूच टाळी वाजवली. एक.