लुबोरचा शंभरावा डबा

लुबोर कुद्लाचेक मोजणी खात्यातून निवृत्त झाला, तेव्हा आता तरी हा माणूस घरात सापडेल असं त्याच्या बायकोला, द्राहोमीराला, वाटलं होतं. पण त्याच्या डोक्यात जिओकॅशिंगचं खूळ शिरलं. कुणीतरी झाडाच्या ढोलीत डबा लपवायचा, जागेचे आकडे इंटरनेटवर टाकायचे आणि मोठ्या बाप्यांनी तो हुडकत चिखलात लोळायचं, असा हा खेळ. डब्यातल्या वहीत सही केली की जन्माचं सार्थक, आणि पहिली सही मिळाली तर विचारायलाच नको. अशा नव्याण्णव पहिल्या सह्यांची यादी लुबोरने चौकटीत बसवून मुलीच्या लग्नाच्या फोटोशेजारी टांगली होती. चौकट फोटोपेक्षा मोठी होती.

शंभरावी सही मात्र हुकत होती. 'पाणमांजर' असं टोपणनाव घेतलेला कुणी हलकट दोन महिने दर वेळी त्याच्या आधी पोचत होता. त्याचं तोंड लुबोरने कधी पाहिलं नव्हतं, पण शिव्या रोज घालत होता.

अठरा जुलैला फोन वाजला. दाव्ले गावापाशी, साझावा नदी मोठ्या व्हल्तावाला मिळते तिथे, नवा डबा! त्या तारखेला कॅलेंडरात द्राहोमीरा हे नाव छापलेलं असतं, म्हणजे घरात तिचा सण. मुलगी-जावई आले होते, सायीच्या रश्श्यात मांस रटरटत होतं. लुबोरने पेट्रोल पंपावरून आणलेली तीन फुलं तिच्या हातात कोंबली आणि टोपली उचलली.

"जरा अळंबी बघून येतो."

"आत्ता? अरे, पानं घेतेय मी!"

"पाऊस झालाय गं. हा गेलो नि हा आलो."

अळंबीच्या टोपलीवाल्याला या चेक देशात कुणी काही विचारत नाही, म्हणून तो नेहमी तीच नेतो. कम्प्युटर मात्र उघडाच राहिला.

आकड्यांनी त्याला संगमाच्या टोकावर, व्हल्तावाच्या बाजूच्या एका बाकापाशी आणलं. आकडे दहा-वीस पावलं चुकतात, म्हणून सोबत एक सूचनाही होती: 'जिथे एकीचं नाव संपतं.' बाकाशेजारच्या पाटीवर दोन्ही नद्यांची नावं होती. झालं तर मग! डबा बाकाखालीच. पण बाकावर एक जाड्या गळ टाकून बसलेला, आणि परक्या माणसासमोर डबा काढायचा नाही हा खेळाचा नियम. लग्नातल्या शपथाही लुबोरने इतक्या कसोशीने पाळल्या नव्हत्या.

"अळंबी? नदीकाठी?" जाड्या म्हणाला.

"मिळतात कधीकधी. तुम्हाला मासे?"

"मिळतात कधीकधी."

दीड तास लुबोर खाजऱ्या पाल्यात वाकून नसलेली अळंबी शोधत राहिला. जाड्याच्या गळाला आमिषच नव्हतं. काय बावळट आहे, म्हणून लुबोर मनातल्या मनात हसला. जाड्याचा हात मधूनमधून बाकाखाली चाचपडत होता. बिअरची बाटली शोधत असेल, असं लुबोरला वाटलं.

मग एप्रन न सोडताच सायकल हाणत द्राहोमीरा आली.

"लुबोर! रस्सा आटून गेला की रे!"

"हळू बोल! तू इथे कशी?"

"कम्प्युटर उघडा टाकून गेलास तो. इथे काय घुटमळतोयस? व्हल्तावाचं नाव इथे कुठे संपतंय? ती तशीच पुढे जाते तोऱ्यात. संपतं ते साझावाचं."

ती टोकाच्या दुसऱ्या बाजूला, साझावाच्या काठावर गेली, शेवटच्या झाडाच्या मुळाखाली हात घातला आणि डबा काढला. एप्रनच्या खिशातलं पेन काढून वही उघडली.

जाड्याने हातातला गळ फेकून दिला. "ओ बाई, थांबा! पहिली सही माझी!"

"पाणमांजर?" लुबोर किंचाळला.

"म्हणजे तुम्हीही डब्यासाठीच... आणि तुम्ही हलाल म्हणून मी दीड तास इथे डास मारत बसलो!"

दोघे एकमेकांवर धावून गेले तोवर तिची सही झालीसुद्धा. लुबोरचा जीव तीळतीळ तुटला. पण निदान पाणमांजराच्या हाती तरी काही लागलं नाही.

"आडनाव नीट लिहिलंयस ना?" तो म्हणाला. "म्हणजे चौकटीत घरचीच सही म्हणून लावता येईल."

तिने वही त्याच्या हातात दिली आणि सायकल वळवली. पहिल्या ओळीत सुबक अक्षरात लिहिलं होतं: द्राहोमीरा वोत्रुबोवा.

"ही वोत्रुबोवा कोण?" जाड्याने डोकावून विचारलं.

लुबोरने वही मिटली. अडतीस वर्षांपूर्वी, लग्नाच्या दिवशी, नगरपालिकेच्या वहीत तिने ते नाव शेवटचं लिहिलं, तेव्हा तो शेजारीच उभा होता, आणि आपली सही कुठे करायची ती जागा शोधत होता.