फोडायचा नव्हता तो नारळ

उधन्यात आमच्या गल्लीत नारळ फोडल्याशिवाय कशाचाच मुहूर्त होत नाही. नवा लूम आला, फोड नारळ. दसरा आला, फोड. बाप खानदेशातून येताना हीच सवय घेऊन आला आणि माझ्या हातात ती आपोआप उतरली. हे सबब म्हणून सांगत नाही. सबब नाहीच.

हजीऱ्याकडच्या एका गुजराती मच्छीमार वस्तीची खाडीवर जायची जुनी वाट एका कंपनीने कुंपण घालून अडवली होती. फाटक, पहारेकरी, पास दाखवा. दर्यावर जायला पास! वस्तीने दीड तासाचा वळसा घालून होड्यांपाशी जायचं. मी पत्रकं लिहिली, वाटली, कंपनीच्या दारात ओरडून ओरडून घसा बसवला. शेवटी नारळी पुनवेपुरतं फाटक उघडायला ते कबूल झाले. अर्ज मीच लिहिला. कंपनीचा साहेब म्हणाला, वेळ टाका. मी टाकली: दुपारी दोन ते चार.

पुनवेला ढोल वाजवत सगळे त्या फाटकातून गेले. मी सगळ्यांच्या पुढे. जिच्या ओट्यावर बसून मी पत्रकं लिहायचे, त्या मासीची होडी सजून उभी होती. नवरा गेल्यावर घर त्या एका होडीवर. पावसाळ्याची मासेमारीबंदी नुकतीच संपलेली, घरातले डबे रिकामे. आणि तिथली रीत अशी, की पुनवेच्या भरतीला होडी निघाली नाही तर अमावास्येपर्यंत हलवायची नाही. निघण्याआधी दर्याला नारळ द्यायचा. एका होडीचा एकच, लाल कापडात बांधलेला.

मासीने तो माझ्या हातात ठेवला. "ले दीकरी, इस बार तू दे. रस्ता तूने खुलवाया."

मला चेव चढला. घोषणा दिली आणि होडीच्या टोकावर नारळ दाणकन फोडला.

ढोल बंद पडला.

"अरे, आ शुं कर्युं?" एक म्हातारा म्हणाला.

"दरियाने आखुं अपाय," मासी हळूच म्हणाली. अख्खाच द्यायचा असतो. फोडायचा नसतो.

मागून कुणीतरी बोललं, "बेन को भाषण करने दो, काम मत दो." त्यावर कुणी हसलं नाही.

मी दुसरा नारळ आणायला धावले. दुकान फाटकापलीकडे. नारळ घेऊन परत आले तर फाटक बंद.

"भैया, खोलो! होडी रुकी है!"

"टाइम हो गया."

"किसने ठहराया टाइम?"

पहारेकऱ्याने खिशातून कागद काढून समोर धरला. "आपने ही तो लिखा है, मॅडम. साइन भी आपकी."

अक्षर माझंच. मी त्याला नको नको ते बोलले. तो खाली बघत म्हणाला, "पत्रक में मेरा नाम मत डालना. नौकरी जाएगी."

वळसा घालून धावत पोचले तेव्हा पाणी उतरलं होतं. बाकीच्या होड्या गेलेल्या. मासीची चिखलात कलंडलेली. मी खांदा लावून रेटत राहिले.

"छोड, दीकरी. पाणी गयुं."

"मासी, ही कंपनी आहे ना..."

"कंपनीए नथी फोड्युं," ती म्हणाली. आवाजात रागही नव्हता.

मग ती होडीत चढली आणि भरलेलं सामान उतरवायला लागली. पीठ, डिझेलचा डबा, जाळं. मी चिखलात उभी राहून एकेक घेत होते. गोणपाटात गुंडाळलेला बर्फ हातात आला तेव्हा त्याचं पाणी व्हायला लागलं होतं.