आवणी उभ्यानं होत नाही

जानेवारीची पंधरा तारीख, हनोई. माणशी सत्तर हजार भरून भोरहून आलेले आम्ही तेवीस जण. संग्रहालय पाहून निघताना दारात मोजले तर बावीस. हिर्डोशीकडच्या आजी नव्हत्या. मीही त्यांच्यासारखाच एक प्रवासी; त्यांचं नाव मला आजही ठाऊक नाही. लेकानं हौसेनं पाठवलेल्या त्या बाई तीन दिवस चहाबिस्किटांवर होत्या. "गळ्याखाली उतरत न्हाई, दादा," एवढंच म्हणत. परक्या मुलखात आजारी पडल्या तर, ही माझी धास्ती.

बस थांबवून मी आत गेलो. पानांचं इरलं पांघरलेल्या शेतकऱ्याच्या पुतळ्यासमोर आजी सापडल्या.

"आजी, जेवायची वेळ झाली."

"आमचंच इरलं की हे! पर ह्यो बाबा ताठ उबा का? भाताची आवणी काय उब्यानं व्हती व्हय?"

पदर खोचून त्या वाकल्या आणि गुळगुळीत फरशीवर नसलेली रोपं लावत मागं सरकू लागल्या. तिथली पहारेकरी बाई धावत आली. आता रागावणार, असं मला वाटलं. पण ती हसली आणि शेजारी वाकून तशीच मागं सरकू लागली. दोघींचे हात एका तालात चालले होते. फरशीवर मला पाणी चमकल्यासारखं वाटलं.

मग त्या बाईनं आपला डबा उघडून आजींपुढं धरला. मूगडाळ घातलेला भात होता. आजींनी दोनदा मागून खाल्ला.

मी पाकीट काढलं, तर आजींनी माझा हात धरला. पानसुपारीच्या चंचीतली अख्खी सुपारी त्यांनी त्या बाईपुढं धरली. तिनं ती दोन्ही हातांनी घेतली.