कौसल्याताईंच्या चवळीवरचं औषध

कौसल्याताईंची आणि माझी ओळख शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीत झाली. मी नव्याने रुजू झाले होते आणि मुलं ऐकतील का, या धास्तीने माझा डबा तसाच राहिला होता. ताईंनी आपल्या डब्यातली भाजी माझ्या झाकणात वाढली. "खा बाई आधी. घरचा दोडका, फवारणीचा न्हाई." पुढे आम्ही वीसेक वर्षं एकाच शाळेत शिकवलं, पण माझा घाबरट स्वभाव काही गेला नाही. आज त्यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त लिहितानाही तीच धास्ती आहे, कारण एक लपवलेली गोष्ट सांगायची आहे.

ताईंचं माहेर केदारखेड्याचं, शेतकऱ्याचं. लग्न होऊन आमच्या गल्लीत, मस्तगडातल्या घरी आल्या तेव्हा माती नव्हती, होती ती गच्ची. फुटक्या बादल्या, तेलाचे रिकामे डबे यांत त्यांनी भाज्या लावल्या. आमच्याकडे नळ कधी येईल याचा नेम नाही. तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा ताई वेलांना घालत. रोज सकाळी निघेल ती भाजी टोपलीत घालून दारापुढच्या पायरीवर ठेवत. ज्याला हवी त्याने न्यावी. कोणी नेली, हे त्यांनी कधी विचारलं नाही. माझ्या यजमानांना कावीळ झाली तेव्हा महिनाभर दुधीभोपळा त्या स्वतः घरी आणून देत होत्या.

गेल्या वर्षी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी त्या लेकीकडे संभाजीनगरला गेल्या आणि गच्ची माझ्या हवाली केली. "मावा आला तर राख टाका, न्हाईतर पाण्यानं धुवा. जल्दी करू नका," असं बजावलं होतं. चवळीवर मावा आलाच, शेंड्यांवर बारीक काळी कीड. राख टाकली, दोन दिवस वाट पाहिली. वेल वाळला तर ताईंना काय तोंड दाखवू, या भीतीने मी दुकानातून औषध आणून फवारलं. ताई यायला आठवडा आहे, तोवर शेंगा तोडून फेकून देऊ, असा माझा हिशेब.

ताई दुसऱ्याच दिवशी सकाळी हजर! लेकीकडे करमेना म्हणे. भरलेला वेल पाहून त्यांनी आनंदाने शेंगा तोडल्या आणि टोपली पायरीवर ठेवली. मी नऊला गेले तेव्हा टोपली रिकामी होती.

समोरच्या रेश्माला आठवा महिना, आणि ती रोज भाजी नेणारी. मी रडत रडत ताईंना सगळं सांगितलं. काळा चष्मा सावरत, भिंतीला धरत बाहेर पडल्या. थेट रेश्माच्या स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी गॅस बंद केला.

"घास घेतला का गं?"

"न्हाई ताई, आत्ताच तर फोडणीला टाकून राह्यले."

तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. मग ताई गल्लीतलं प्रत्येक दार वाजवत गेल्या. "माझ्या चवळीवर औषध पडलंय, टाकून द्या." कोणी मारलं, असं विचारलं की म्हणत, "गच्ची माझी, मंग चूक बी माझीच." देवाची कृपा, कोणीच खाल्ली नव्हती.

पण त्यानंतर टोपली भरलेलीच घरात परत येऊ लागली. "नाव घरच्या भाजीचं, आणि मारतात औषधच," असं लोक बोलू लागले. ताईंच्या कानावर ते जात होतं. मी म्हणाले, "मी सांगते सगळ्यांना." त्या म्हणाल्या, "राहू द्या. लोक बोलतील, अन् तुम्हाला झोप लागायची न्हाई." आणि लाज वाटते लिहायला, पण मी सुटले म्हणून मला बरं वाटलं.

हा लेख मी ताईंना वाचून दाखवलेला नाही. त्यांनी हे सगळं खोडायला लावलं असतं. तरी सर्वांसमक्ष लिहिते: ते औषध मी मारलं होतं. ताईंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. मात्र गल्लीने त्यांच्याविषयी काढलेले शब्द मागे घ्यायला त्या आयुष्याच्या शेवटाची वाट पाहू नये. 'आम्ही चुकलो' हे त्यांना त्यांच्या कानांनी ऐकू द्यावं, आजच.