बर्फाचा दाखला

गेल्या शनिवारी मांडवीच्या आमच्या प्रार्थनामंदिरात मी सगळ्यांसमोर चुकीची ठरले. चूक औषधाची नव्हती हे आधीच सांगते... दवाखान्यात सगळे ठीक आहेत.

मी मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर आहे. मिरजेला शिकले, परीक्षा पास झाले, आणि जे मोजता येतं त्यावर माझा भरवसा जास्त. आमच्या वॉर्डात पार्वतीबाई आयाचं काम करतात. वेळणेश्वरकडच्या, विधवा, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या. दोन वर्षांपूर्वी इथेच वाचायला शिकल्या... अजून ओळीखाली बोट धरूनच वाचतात.

त्यांना बाप्तिस्मा घ्यायचा होता. हे कळल्यावर भावाने त्यांना घर बंद केलं. तिकडची पंगत सुटली आणि इकडची अजून मिळाली नाही, अशा त्या सहा महिने मध्येच होत्या.

आमच्याकडे आधी पाळक आणि मंडळीचे वडील, म्हणजे ज्येष्ठ सभासद, प्रश्न विचारतात. उत्तरं पटली तरच नाव मंजूर होतं. पाळक घाट उतरून येतात, तेही पावसाळ्यात नाही... म्हणजे या खेपेला अडलं की पुढची खेप थेट दिवाळीनंतर.

तयारी करून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. बाकी सगळं त्यांना येत होतं, अडलं ते त्रैक्यापाशी. बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा असे तीन, आणि देव मात्र एकच...

"दत्तासारखं काय, बाई? तीन शिरं, धड एक?" त्यांनी विचारलं. तसं नाही, म्हटलं. मग कसं, ते सांगायला मला दोन दिवस लागले.

त्याच आठवड्यात तापाच्या एका रोग्यासाठी मुंबईच्या बोटीने बर्फ आला, भुशात बांधलेला. मी एक खडा वाटीत घेतला, वितळू दिला, आणि ते पाणी स्पिरिटच्या दिव्यावर ठेवून वाफ दाखवली. पदार्थ एक, रूपं तीन. पार्वतीबाई वाटीकडे बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, समजलं. आपलं उदाहरण आपल्यालाच फार आवडलं की असं होतं...

शनिवारी पाळक मधल्या खुर्चीवर होते, दोन्ही बाजूंना वडील. त्यांतले सायमनमास्तर रिटायर झालेले हेडमास्तर, त्यामुळे प्रश्न तेच विचारतात. आम्ही बायका मागच्या बाकावर.

"त्रैक्य हा शब्द शास्त्रात कुठे आहे?" मास्तरांनी सुरुवातच अशी केली.

"मला नाय सापडला, मास्तर."

"कसा सापडेल? नाहीच आहे." मास्तर खूश झाले. "मग का मानता, ते समजावून सांगा."

मी मागे निर्धास्त होते. पार्वतीबाई म्हणाल्या, "बाईंनी बर्फाचं सांगितलनी. पण ते मी नाय सांगणार."

बाकावरच्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"बर्फाचं पाणी झालं की बर्फ उरत नाय. मी वाटीत बघितलंय." त्यांनी बायबलातलं मत्तयाचं पुस्तक उघडलं आणि बोट ठेवलं. "हितं पुत्र बाप्तिस्मा घेऊन नदीतून वर येतोय. आत्मा कबुतरासारखा उतरतोय. आणि बाप आभाळातून बोलतोय, हा माझा पुत्र म्हणून. तिघं एकाच वेळेला हायत. एकच देव रूपं बदलत असता, तर नदीत कोण आणि बोलला कोण?"

मग योहानाच्या पुस्तकातली जागा काढली. जाण्याआधी येशू शिष्यांना सांगतो, मी बापाला विनंती करीन, तो तुम्हाला दुसरा कैवारी, म्हणजे पवित्र आत्मा, देईल... "मागणारा एक, देणारा एक, येणारा एक," पार्वतीबाई म्हणाल्या.

"म्हणजे तीन देव झाले," मास्तर.

"नाय. देव एकच, ते पण ह्याच पुस्तकात लिवलंय."

"मग तिघे मिळून एक कसे?"

"ते मला नाय सांगता येत."

मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली. "विषय समजलेला दिसत नाही. दिवाळीनंतर बघू."

पार्वतीबाईंनी पुस्तक मिटलं. काही मागितलं नाही, रडल्याही नाहीत. दिवाळीपर्यंत त्या कोणाच्या, हा प्रश्न त्या खोलीत बहुधा मलाच पडला होता...

मी बैठकीत बोलत नाही. त्या दिवशी उभी राहिले. "मास्तर, त्यांनी मी शिकवलेलं बर्फाचं उत्तर दिलं असतं, तर नाव मंजूर केलं असतंत?"

"केलं असतं. चांगला दाखला आहे."

"मग आपण चुकीच्या उत्तराला पास केलं असतं," पाळक शांतपणे म्हणाले. एकच देव वेळेप्रमाणे तीन रूपं घेतो, ही समजूत मंडळीने शेकडो वर्षांपूर्वी तपासून नाकारली आहे, असं त्यांनी सांगितलं. आणि तिघे मिळून एक कसे, ते त्यांनाही सांगता येत नाही... "कुठे लिहिलंय ते या बाईंनी दाखवलं. मी तेवढंच विचारणार होतो."

मास्तरांनी पेन्सिल उचलून नाव लिहिलं. "पंचवीस वर्षं मी पोरांना हाच दाखला देत आलो," ते म्हणाले, "आणि बर्फ तर मी अजून पाहिलेलाही नाही."

सगळे हसले. मीही हसले, जरा उशिरा.

बाहेर आल्यावर मी पार्वतीबाईंना विचारलं, उदाहरण पटलं नव्हतं तर मला आधी का नाही सांगितलंत? "तुम्ही दिवा पेटवलात, वाटी घेतलीत... एवढा खटाटोप केल्यावर तोंडावर कसं सांगायचं?"

दुसऱ्या दिवशी त्यांचा बाप्तिस्मा झाला. बाप्तिस्मा झालेल्यांनाच मिळणारी प्रभुभोजनाची भाकर आमच्या बाकावर आली तेव्हा ती मीच त्यांच्या हातात दिली.

ज्याचा उलगडा होत नाही ते सोपं करून सांगायची मला घाई होती, आणि त्या घाईत एका बाईचं सगळं पणाला लागलं होतं. "मला सांगता येत नाही" हे उत्तर इतकं नीट दिलेलं मी याआधी ऐकलं नव्हतं. पार्वतीबाईंची मी आभारी आहे.